कळंबच्या पायऱ्या

एचआयव्हीच्या गोळ्या आमच्या तालुक्याच्या गावीही मिळतात. तरी मी ढाणकीहून एसटीत बसते आणि थेट यवतमाळ गाठते. तालुक्याला कुणी ओळखीचं भेटेल, ही धास्ती. यवतमाळच्या रांगेत पहिल्याच खेपेला माझ्या पुढे आमच्या समोरच्या घरातली काकू उभी होती. तीही ओळख टाळायलाच एवढ्या लांब आली होती. ती औषधाच्या खिडकीकडे पाहू लागली, मी पंख्याकडे. परतताना एकाच एसटीत दोघी दूर दूर बसलो.

तिथल्या समुपदेशक बाई एकदा समजावत होत्या, की आपल्या भागात या आजाराचं प्रमाण एके काळी बरंच होतं, आता नवी लागण कमी झाली आहे. मी विचारलं, मग रांग का वाढते? त्या म्हणाल्या, गोळ्यांमुळे जुने लोक जगतात, म्हणून मोजणीत राहतात. म्हणजे आजार घटला, पण आम्ही मरेनासे झालो, त्यामुळे बाकं पुरत नाहीत. माझी तक्रार नाही.

माझे मालक गोळ्या सुरू व्हायच्या आधीच गेले. गावात कावीळ म्हणून सांगितलं. घरात उरलो मी आणि सासूबाई. शिलाई मशीन माझं, घर त्यांचं. आमच्या गल्लीत एका घरी हा आजार कळला, तेव्हा तिथल्या सुनेचा आधी पेला वेगळा झाला, मग ताट, मग चूल, आणि शेवटी ती माहेरी गेली. सासूबाई माझ्या हातचं जेवतात. ते थांबलं असतं तर मला सोसलं नसतं. म्हणून गोळ्यांची डबी तुरीच्या डाळीच्या डब्यात, आणि तोंडात कळंबचा गणपती.

दर महिन्याला चिंतामणीच्या दर्शनाला जाते, असं मी घरी सांगून ठेवलं होतं. प्रसादाचे पेढे यवतमाळच्या स्टँडवरून घ्यायचे. काकूनंही हेच कारण उचललं. गल्लीत ही भक्ती कुणाला खटकली नाही, उलट आमचं कौतुक झालं. सासूबाईंनी एकदा विचारलं, मंदिर कसं आहे? मी म्हटलं, छान आहे, पण पायऱ्या फार चढाव्या लागतात, गुडघे बोलतात. काकू तिथंच बसली होती. तिनंही चढताना दम लागतो म्हणून मान डोलावली. कळंब दोघींपैकी एकीनंही पाहिलं नव्हतं.

पुढे सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नजर आली तशी त्यांना कळंब पाहायचं झालं. मी दोनदा टाळलं. तिसऱ्या वेळी, माझ्या गोळ्या संपत आल्या होत्या त्याच दिवशी, त्या पिशवी भरून दारात बसल्या. काकूलाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. दर महिन्याला जाणाऱ्या आम्हा भक्तिणींना नाही कसं म्हणता येणार?

कळंबला मंदिरात शिरलो आणि मी अन् काकू, दोघीही वर जाणाऱ्या पायऱ्या शोधू लागलो. त्या नव्हत्याच. चिंतामणी जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या खाली उतरतात. सासूबाई वर उभ्या राहून खाली पाहत होत्या. मग त्यांनी आमच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"उतरा आता," त्या म्हणाल्या. "पयल्यांदाच आल्या दोघी, जरा सांभाळून."

खाली देवापुढे मी फक्त माझा पेला वेगळा होऊ नये, हे मागितलं.

परतीत यवतमाळला गाडी बदलायची होती. ढाणकीकडची एसटी लागलेली होती, पण सासूबाई तिकडे वळल्याच नाहीत.

"आधी दवाखान्यात चाल," त्या म्हणाल्या. "डबी डायीत ठेवतं अन् मले दिसत नाही समजतं. माह्या डोयाचं आपरेशन झालं ना."

काकू एका एसटीची पाटी फार लक्ष देऊन वाचत होती. ती गाडी डेपोत जाणारी होती.

रांगेशेजारच्या बाकावर बसून सासूबाईंनी पेढ्यांचा पुडा उघडला आणि कळंबचा प्रसाद म्हणून सगळ्यांना वाटला. लोकांनी हात जोडून घेतला, पण खाल्ला क्वचितच कुणी. एकानं कागद मागितला, मग दुसऱ्यानं. जो तो पेढा बांधून खिशात ठेवू लागला. सासूबाईंना ते विचित्र वाटलं. काकूनं हळूच सांगितलं, त्यायलेही घरी दाखवा लागते. सासूबाईंनी रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि पुडक्याचाच कागद फाडून तुकडे करून दिले.

एक पेढा उरला. तो त्यांनी माझ्या तोंडाशी धरला. मी अर्धा तोडला. माझे दात उमटलेला उरलेला अर्धा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला, माझ्या पिशवीतली बाटली काढली, आणि जन्मभर वरून पाणी पिणारी ती बाई बाटलीला तोंड लावून प्यायली.