शाळा, हाकेच्या अंतरावर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका शाळेचा छळ सोसलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा सापडायचा नाही. आणि कुठल्या शाळेने एखाद्या माणसाचा छळ सोसला असेल, तर तो आमच्या समोरच्या शाळेने काकांचा. या दोघांच्या मधे, दुसऱ्या मजल्यावर, मी राहत होतो. ही तक्रार नाही. तक्रार हा प्रांत काकांचा. मी फक्त ऐन तिशीत माझे केस का गेले याचा खुलासा करतोय.

पुण्याच्या वारज्यात तेव्हा आदल्या दिवशी पाहिलेलं शेत दुसऱ्या दिवशी दिसत नसे, तिथे बिल्डिंग असे. मी नुकताच सॉफ्टवेअरमध्ये लागलो होतो आणि बँका रस्त्यात गाठून कर्ज देत होत्या. बिल्डरच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'शाळा हाकेच्या अंतरावर'. त्या बिल्डरने दिलेल्या शब्दांपैकी पाळलेला हा एकच. हाक शाळेकडून येणार, आणि ती लाउडस्पीकरवरून येणार, तेवढं सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं. काका पाटबंधारे खात्यात उभा जन्म पत्रांचे मसुदे करून निवृत्त झाले होते आणि कसब्यातली भांडी ठोकणाऱ्यांची ठोकाठोक चुकवायला म्हणून शांततेच्या शोधात इथे आले होते. जाहिरात त्यांनीही वाचली होती. मी एकदा तसं विचारलं, तर म्हणाले, "जाहिरातीत शाळा होती. मुलं नव्हती."

सकाळी साडेसातला शाळेची प्रार्थना सुरू होई. माझी कंपनी अमेरिकेच्या घड्याळावर चालायची, म्हणजे मी नुकताच डोळा मिटलेला असे. प्रार्थनेवर मी उशी घेऊन मात करू शकलो असतो, पण वर काकांच्या खुर्चीचा पाय फरशीवर खर्रकन ओढला जाई, कारण राष्ट्रगीत लागलेलं असे आणि काका उभे राहिलेले असत. कुठेही असोत, काहीही करत असोत, काका उभे. एकदा अर्धी दाढी साबणात, एकदा जिन्यात. जिन्यात त्यांच्यामुळे दूधवाला, पेपरवाला आणि गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेतलेला एक माणूस असे तिघे ताठ उभे होते. त्या सिलिंडरवाल्याने नंतर आमची बिल्डिंगच सोडली. "आधी गोंगाट करायचा आणि त्यात राष्ट्रगीत घालायचं," काका मला म्हणाले, "म्हणजे माणसाने निषेधसुद्धा सावधानमध्ये करायचा."

गॅदरिंगच्या आधी महिनाभर तेच एक कोळीगीत मैदानावर दिवसातून साठ वेळा वाजे. पहिल्या आठवड्यात काका कानात कापूस घालून गॅलरीत बसत. (घरात कापूस न घालता बसता आलं असतं, हे काकूंनी सुचवून पाहिलं.) दुसऱ्या आठवड्यात कापूस निघे, आणि तिसऱ्यात काका कठड्यावरून ओणवे होऊन ओरडत, "अहो बाई, डावीकडची रांग उशिरा वळतीये." नाच बसवणाऱ्या बाई हात जोडून वर बघत आणि डावीकडची रांग पुन्हा वळवत. दुपारी शाळा सुटताना गेटवर रिक्षा, व्हॅन आणि स्कूटरवाल्या आयांची जी कोंडी होई, तीत काका छत्री घेऊन उतरत. आपण वाहतूक नियंत्रण करत नसून फक्त घरी परतायला वाट काढतोय असं ते सांगत. वाट निघायला त्यांना रोज पाऊण तास लागे आणि तोवर शेवटचं मूल रिक्षात बसलेलं असे.

पण खरा कहर चेंडूंचा. शाळेतून काकांच्या गॅलरीत आलेला चेंडू जप्त होई, त्यावर तारीख पडे आणि तो शनिवारी चार ते पाच या वेळात, लेखी अर्ज दिल्यावरच परत मिळे. अर्ज मराठीत हवा. आता ही शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथली मुलं भूक लागल्याचंसुद्धा इंग्रजीत सांगत. पण चेंडू ही अशी चीज आहे की तिच्यासाठी माणूस कुठलीही भाषा शिकतो. शनिवारी माझ्या दारावरून रांग लागे आणि वरून काकांचा आवाज येई: "विषय कुठाय? 'चेंडू परत मिळणेबाबत'. आणि 'चेंडू आपोआप आला' असं लिहू नये, चेंडूला इच्छा नसते. पुन्हा लिहून आणा." पोरं माझ्याच पायरीवर बसून पुन्हा लिहीत आणि 'णेबाबत' कसं लिहायचं हे विचारायला माझीच बेल वाजवत. पुढे शाळेच्या मराठीच्या बाई पेढे घेऊन काकांकडे आल्या. पत्रलेखनात अख्खा वर्ग पास झाला होता. काकांनी पेढे घेतले आणि बाईंच्याच हाती मुख्याध्यापिकांसाठी घंटेविरुद्धचं त्या आठवड्याचं पत्र दिलं.

पत्र दर सोमवारी जाई. घंटा, ड्रम, ग्राउंडवरची धूळ, खिचडीचा वास, काहीही. प्रत्येकाची प्रत काकांच्या फाइलला लागे. आणि मे महिन्यात, लिहायला काही नसताना, काका आजारी पडत. रक्तदाबाची गोळी पहिल्या घंटेला बांधलेली, ती चुके. ॲसिडिटी होई. दिवसभर माझ्या डोक्यावर येरझाऱ्या चालत. काकांच्या शेजारचा रिकामा फ्लॅट बघायला एकदा एक नवीन जोडपं आलं होतं. काकांनी त्यांना जिन्यातच गाठलं. "मुलं आहेत?" ती दोघं लाजून 'अजून नाहीत' म्हणाली. "मग घेऊ नका. इथे नसली तरी दोन हजार असतात." जोडपं घाबरून गेलं. काका मात्र हे सांगताना, एखाद्याने आपल्या शेतीचा आकडा सांगावा तसे उभे होते.

आणि मग त्यांचा मुलगा अमेरिकेतून परत आला. सज्जन मुलगा, हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर. आल्या आल्या त्याने एका रविवारी बसून बापाची फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तो आमच्याच धंद्यातला. आमच्या धंद्यात तक्रार आली की ती सोडवून बंद करायची असते. पुणेकर तक्रार कशासाठी करतो हे आम्हाला कुणी शिकवत नाही. महिन्याभरात त्याने हिंजवडीजवळ अकराव्या मजल्यावर फ्लॅट पाहिला. दुहेरी काचेच्या खिडक्या, आणि आसपास एकही शाळा नाही. मला वर बोलावून त्याने अभिमानाने सांगितलं, "बाबांचे सगळे इश्यूज चेक केले, दादा. एकूण एक क्लोज होतायत." मग म्हणाला, "तुम्ही खालीच राहता. त्यांना खरंच त्रास होतो ना शाळेचा?"

काका समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे सूचना देण्यासाठी पाहिलं होतं, विचारण्यासाठी कधी नाही. मी 'नाही' म्हणालो असतो तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण मी आदल्या दिवसापासून झोपलो नव्हतो, आणि माझ्या डोळ्यांपुढे न ओढली जाणारी खुर्ची दिसत होती. "होतो की," मी म्हणालो. "फार होतो."

सामान बांधायला घेतलं त्या दिवशी काका मला जिन्यात भेटले. मी म्हटलं, "काका, मनात नसेल तर सांगून टाका ना त्याला." ते कठड्याला टेकले. "काय सांगू? पत्र एकदा जावक नोंदून गेलं की मागे घ्यायचं नसतं. आणि आता शाळा आवडते म्हणालो, तर आधीची सगळी पत्रं खोटी ठरतात. पोराने ती खरी मानून घर घेतलं." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काय हो कॉम्प्युटर, आता झोपा तुम्ही." मी वर जाऊन त्यांच्या मुलाशी बोलू शकलो असतो. नाही गेलो.

झोप काही फारशी झाली नाही. सहा महिन्यांनी, एका शनिवारी, त्यांच्याकडे गेलो. अकराव्या मजल्यावर इतकी शांतता होती की फ्रिज मधूनच खाकरला तेव्हा मी दचकलो. काका टेबलाशी कोरा कागद घेऊन बसले होते. काकूंनी मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. खालच्या क्लबहाउसमध्ये जूनपासून बालवाडी काढायचं चाललं होतं, आणि गोंगाट होईल म्हणून सोसायटीतल्या लोकांचा विरोध होता. हरकतीचं पत्र कुणी लिहायचं? काकांची कीर्ती मुलाने कौतुकाने सगळीकडे केलेली, त्यामुळे ते त्यांच्याकडे आलं. "आठ दिवस विषयच लिहितायत," काकू म्हणाल्या. "यांना लिहायला सुचत नाहीये असं मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं."

"मसुदा चालू आहे," काका बाहेरून म्हणाले. मग मला विचारलं, "आज वार काय?"

"शनिवार."

"अरेरे. हरकतीची मुदत कालच संपली." त्यांनी पेनाला टोपण लावलं. खात्यात तीस वर्षं एकही तारीख न चुकवलेला माणूस एवढ्या शांतपणे मुदत चुकवताना मी पहिल्यांदाच पाहिला.

मला सोडायला ते लिफ्टपर्यंत आले, आणि मग लिफ्टमधून खालीही आले. क्लबहाउसच्या काचेला हातांचा आडोसा करून आत पाहू लागले. आत रंगाचे डबे होते आणि भिंतीवर अर्धवट रंगवलेला एक हत्ती. काकांनी वळून वर आपल्या खिडकीकडे पाहिलं आणि मनाशी मजले मोजले.

"लहान पोरं," ते म्हणाले. "ओरडून ओरडून ओरडतील किती? अकराव्या मजल्यापर्यंत काही ऐकू यायचं नाही."

मी जन्मभर थापा मारत आलोय. पण त्यातल्या बहुतेक उगाच, करमणुकीसाठी. वाऱ्यातलं मला काही कळत नाही. तरी मी हात वर करून, बोटं फाकवून, जाणत्या माणसासारखा अंदाज घेतला आणि म्हणालो, "वारा या बाजूचा आहे, काका. खिडकी थोडी उघडी ठेवलीत तर शब्द न् शब्द येईल."

काकांनी ते नीट ऐकून घेतलं. "त्रासच आहे म्हणजे," ते म्हणाले, आणि खिडकी उघडायला वर गेले.