सावकाशरावांचा मोठा कार्ब्युरेटर

सावकाशराव हे नाव त्यांना गल्लीने दिलं आणि त्यांनी ते निमूटपणे वापरायला घेतलं. माणूस घड्याळजी. उभा जन्म मनगटी घड्याळांच्या पोटात चिमटा घालण्यात गेला, त्यामुळे कुठल्याही वस्तूवर जोर करायचा म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. त्यांची जुनी छोटी मोटारही तशीच चालायची. सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे आणि हे आरशात बघून त्यांना अदबीने वाट द्यायचे.

बायकोची थोरली बहीण टेकडीवर राहायची. दर रविवारी दोघं तिच्याकडे निघायची आणि चढाच्या पायथ्याशी मोटार थांबायची. बाई उतरायच्या, पर्स काखेत मारायच्या आणि चालू लागायच्या. मोटार मागून एकट्या सावकाशरावांना घेऊन चढायची. मोटार घेतल्यापासूनचा हा शिरस्ता, त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

पण आता बाईंचे गुडघे कुरकुरायला लागले. एका सकाळी चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, "अहो, ते डबडं विकून टाका. मी ताईकडे बसने जाईन. तुम्हाला यायचं तर या मागून."

सावकाशरावांनी मनाशी हिशेब मांडला. मोटार गेली तर गेली. पण रविवारी शेजारी बसून बाई अख्ख्या जगाचा समाचार घ्यायच्या, आणि तो ऐकण्यासाठी तर हा गृहस्थ आठवडा ढकलायचा. हे बायकोला कधी सांगितलं नव्हतं, तो भाग वेगळा.

ते तडक गॅरेजवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "इंजिनाला श्वास कमी पडतोय काका. मोठा कार्ब्युरेटर बसवू. हवा जास्त, पेट्रोल जास्त, मग चढेल."

भंगारातून एका मोठ्या गाडीचा कार्ब्युरेटर मिळाला. पण त्याचं तोंड मोठं, इंजिनाकडच्या नळीचं लहान, आणि बोल्टची भोकं काही केल्या जुळेनात. दुसरा कोणी असता तर मध्ये बसवायची चकती बाहेरून करून घेतली असती. आमचे घड्याळजी डोळ्याला भिंग लावून जेवणाच्या टेबलावर ॲल्युमिनियमचा तुकडा घासत बसले. घासायचं, उजेडात धरायचं, मान हलवायची, पुन्हा घासायचं. ताटात कीस चमकायला लागला तेव्हा बाईंनी ताटं मुकाट्याने स्वयंपाकघरात हलवली. चकती बसली, तर वरच्या हवेच्या फिल्टरमुळे बॉनेट लागेना. मग चपटा फिल्टर शोधण्यात आणखी पायपीट.

"एक लक्षात ठेवा," गॅरेजवाला चावी देताना म्हणाला, "ॲक्सिलरेटरवर भीत भीत पाय ठेवलात तर ही आचके देणार." सावकाशरावांनी मान डोलावली. ऐकलं मात्र काही नाही. ते बॉनेटवरून हात फिरवत होते.

रविवारी बाई बसल्या त्या अट घालूनच. "मी मध्येच उतरणार नाही. अडली, तर उद्या विकायची."

पायथ्याशी सावकाशरावांचा पाय सवयीने ब्रेकवर गेला. "चला," बाई म्हणाल्या. मोटार चढायला लागली, आणि निम्म्यावर आचके द्यायला लागली. सावकाशरावांचा हात हँडब्रेककडे गेला.

बाईंनी वाकून खाली बघितलं. "अहो, पाय नुसता टेकवून काय बसलात? दाबा."

"इंजिन ओरडेल गं."

"ओरडू दे. मी इतकी वर्षं ओरडतेय, मोडले का?"

त्यांनी दात आवळून पाय तळापर्यंत दाबला. इंजिनाने असा काही गळा काढला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. आणि मोटार चढली की हो, बाईंसकट, थेट माथ्यापर्यंत.

सावकाशरावांचा चेहरा फुलला होता. बाई त्यांच्या पायाकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "जुना कार्ब्युरेटर होता तेव्हा कधी असा पाय दाबला होता?"

"नाही."

"दाबला असता तर तेव्हाही चढली असती?"

खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. "बहुतेक चढली असती. तिचा आवाज मला सोसायचा नाही गं."

"तिचा आवाज तुम्हाला ऐकू आला," बाई म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांचा नाही आला."

सावकाशरावांना शरमेने मान वर करवेना. स्टिअरिंगकडे बघतच ते म्हणाले, "चुकलंच माझं. उद्या विकतो. तू शेजारी नसशील तर मला तरी ही कशाला हवी?"

बाईंनी दार उघडलं. एक पाय बाहेर टाकला, तसाच थोडा वेळ ठेवला, आणि पुन्हा आत घेऊन दार ओढलं.

"वळवा," त्या म्हणाल्या. "खाली जाऊ. मला परत एकदा बसून चढायचंय."

ताई दारात येऊन हात करत होती. तिला हात करून दोघं पुन्हा खाली गेली.