मास्तरांचा तळहात आणि बिनचालकाच्या गाड्या

मास्तरांनी जन्मभर शाळेत कवायत शिकवली. निवृत्त झाल्यावर हाताशी पोरं उरली नाहीत, तेव्हा ते चौकातल्या वाहनांना शिस्त लावू लागले. पद्धत ठरलेली. फुटपाथच्या कडेला ताठ उभं राहायचं, उजवा तळहात पुढे करायचा आणि पहिल्या गाडीच्या चालकाकडे रोखून बघायचं. चालक नजर खाली करायचा. मग मास्तर मान किंचित हलवून त्याला माफ करायचे आणि पलीकडे चष्मेवाल्याच्या दुकानात बुद्धिबळ खेळायला जायचे.

पुढे चौकातले सिग्नल काढून टाकले. आता गाड्याच आपापसांत बोलून आधी कोण, मग कोण ते ठरवतात आणि एकमेकींना न शिवता निघून जातात. आत चालक नाही. हा कारभार ज्या कंट्रोल रूममधून चालतो, तिथेच मास्तरांची सून नोकरीला. मास्तरांच्या मते ही घरातली फितुरी होती. पण वादात सून त्यांना भारी पडत असल्यामुळे त्यांनी हे मत मनातच ठेवलं.

त्या रागात महिनाभर ते पलीकडे गेले नाहीत. दुःख एवढंच, की पटावर डाव अर्धवट मांडलेला होता आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मास्तर जिंकत होते. अखेर चष्मेवाल्याचा फोन आला.

"मास्तर, काउंटरला जागा लागतेय. उद्या पट आवरतो. बरोबरी धरू या."

"हात तर लावून बघ."

दुसऱ्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून कडेला उभे राहिले. तळहात पुढे केला. पहिली गाडी थांबली, तिनं बाकीच्यांना कळवलं आणि चारही रस्ते गप्प झाले. मास्तरांनी काचेत रोखून पाहिलं. नजर खाली करायला आत कुणी नव्हतं. काचेत त्यांचाच चेहरा होता, आणि तो काही माघार घेणाऱ्यांतला नव्हता. गाड्या मास्तरांसाठी खोळंबल्या, मास्तर गाडीसाठी. रांग पार पुलापर्यंत गेली.

खिशातला फोन वाजला.

"बाबा, चौकात तुम्हीच ना?"

"मग आणखी कोण?"

"अहो, चला की. तुमच्यासाठीच थांबल्यात सगळ्या."

"कशावरून? एकीनं तरी तसं कबूल केलंय का?"

मग पलीकडून सुनेचा दबका आवाज आला, "माझे सासरे आहेत, साहेब. नाही, तसे हलणार नाहीत."

पहिल्या गाडीनं दिवे हळूच मालवले आणि पुन्हा लावले.

मास्तरांनी मान किंचित हलवली आणि रस्ता ओलांडला. वाटेत दुसऱ्या रांगेतल्या गाडीलाही माफ केलं. तिनं माफी मागितली नव्हती, तरी.

"अख्खं शहर अडवलंस," चष्मेवाला दारातूनच म्हणाला.

"पट कुठाय?"

पट होता तसाच होता. मास्तरांनी महिनाभर मनात घोळवलेला घोडा ऐटीत पुढे टाकला. चष्मेवाल्यानं गिऱ्हाईक नसताना महिनाभर त्याच घोड्याचा विचार केला होता. त्यानं शांतपणे उंट सरकवला. जिंकत आलेला डाव पुन्हा बरोबरीवर आला. मास्तर बराच वेळ पटाकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू खुलत गेला.

"हे आज संपत नाही," ते म्हणाले. "उद्या येतो. परवाही यावं लागेल."

तिथूनच त्यांनी सुनेला फोन लावला.

"तुझी ती पहिली गाडी गुणी आहे हो. दुसरी मात्र उर्मट वाटली."

"बोलते तिच्याशी, बाबा."