लाखेच्या कोठीत बाबा जेवले

मला राग लवकर येतो. सत्तरी उलटली, नातवंडं म्हणतात, आजी जरा दमानं घे. पण नाही जमत मला. आयुष्यात एकदाच मी राग गिळून बसले होते, तासभर, बाबांच्या शेजारी, गोंदियाच्या एका खानावळीत. त्याच जेवणाचं सांगते.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. खानावळ स्टेशनापासून जवळच, लाखेच्या कोठीत होती. इंग्रजांच्या काळात कुणा लाखेच्या व्यापाऱ्यानं ती बांधली. जंगलातून गोळा केलेली लाख तिथं तोलायची आणि आगगाडीनं कलकत्त्याला धाडायची, असा त्याचा धंदा. सागवानाचे खांब एका माणसाच्या कवेत मावायचे नाहीत. वरच्या तावदानांना लाल-हिरव्या काचा. मधल्या दालनाच्या आढ्याला तराजू टांगायचा लोखंडी आकडा तसाच लोंबत होता. आणि भिंतीत एक चौकोनी खिडकी होती. पूर्वी तिच्यातून लाखेच्या थैल्या सरकवत, आता भरलेली ताटं बाहेर येत आणि उष्टी आत जात. आतलं माणूस दिसायचं नाही, नुसते हात दिसायचे. व्यापारी कधीचा निघून गेला होता. आमच्याच जातीतल्या एकानं कोठी भाड्यानं घेऊन तिथं खानावळ काढली. परगावचे लोक मुद्दाम कोठी बघायला येत आणि जेवून जात. त्या खानावळवाल्याच्या घरात माझी मोठी बहीण दिली होती. मी तिला बाई म्हणायची.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी बाई सणाला आली. मग पोळा गेला, दिवाळी गेली, बाई आली नाही. तिच्या सासऱ्याची चिठ्ठी आली: मुलगा धंद्यासाठी रायपूरला गेला, सुनेलाही नेलं. आम्ही म्हटलं, बरं झालं, नवऱ्याजवळ आहे. आणि मळणीच्या दिवसांत आमच्या शेजारचे काका धान विकायला रायपूरला गेले. तिथं त्यांनी जावयाला पाहिलं. त्याच्याजवळ बाई नव्हती, दुसरंच बाईमाणूस होतं. काकांनी हे बाबांना अंगणात सांगितलं तेव्हा आई दारात सूप घेऊन उभी होती. तिच्या हातातलं सूप खाली पडलं. मग आमची बाई कुठं होती? जिवंत तरी होती का?

पहाटे रेंगी जुंपली. रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी. आईनं मला सोबत धाडलं, कारण परक्या घरात बाबांना बायकांच्या बाजूला जाता आलं नसतं, मला जाता आलं असतं. मी सोळाची होते. गोंदियाच्या वाटेवरचं आमच्याकडचं गोरेगाव मागं पडलं. मग बाबा म्हणाले, "तिथं तोंड उघडशील तं पाहाजो. ती आत असली अन् आपण भांडलो, तं रात्री मार तिलेच पडन."

"अन् नसली आत तं?"

त्यावर त्यांनी बैलांना हाकललं.

इथं आमच्या बाबांच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीही प्यायचं नाही, हा रिवाज. आमच्या भागात पुष्कळजण पाळत, पण बाबांसारखा कुणी पाळला नसेल. आधी दोनदा ते कोठीवर गेले तेव्हा पाण्याचा तुंबा घरून घेऊन गेले आणि समोरच्या चिंचेखाली उभं राहून प्याले. दुसरी गोष्ट बैलाच्या घासाची. जेवायला बसले की बाबा पहिला घास भाताचा घ्यायचे, मुठीत दाबायचे, अंगठ्यानं मधोमध खळगी करायचे, तिच्यात गुळाचा खडा ठेवायचे आणि तो घास ताटाच्या डाव्या कडेला लावायचे. तो पांढऱ्या बैलाचा. जेवण झालं की बाई तो घेऊन गोठ्यात जायची. चालायला लागली तेव्हापासून ते तिचंच काम होतं. ती सासरी गेल्यावर माझ्याकडे आलं, पण तो मेला बैल माझ्या हाताला चारदा हुंगल्याशिवाय तोंड लावायचा नाही.

दुपारी कोठीवर पोचलो. रेंगी चिंचेखाली सोडली, पांढरा बैल आणि त्याचा जोडीदार तिथंच बांधले. दालनात पंगत बसली होती. मागच्या अंगणातून भांडी घासल्याचा आवाज येत होता, खसखस, खणखण, थांबतच नव्हता. गल्ल्यावर बाईचा सासरा होता. आम्हाला पाहून त्याच्या तोंडावरचा रंग उडाला, पण माणूस पक्का, लगेच हसला.

"अरे याही! आइये, आइये! न सांगता कसे काय?" आमच्याकडे व्याह्याला याही म्हणतात.

"पोरीले पाहाले आलो," बाबा म्हणाले.

"पोरगी तं रायपूरले आहे ना बाप्पा! चिठ्ठी लेहली होती म्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांनी माझं मनगट धरलं. मी म्हटलं, मी आत जाऊन मावशींना भेटून येते, म्हणजे बाईच्या सासूला. तशी आतल्या दाराच्या पडद्याआडून सासूच बोलली, "आत नोको येऊ पोरी. सोवळ्याचा सयपाक चालू आहे, तू रस्त्यानं आलेली." झालं! ज्या कामाला मला आणलं होतं ते दारातच संपलं.

सासऱ्याला वाटलं, आता हे जाणार. पंगतीतली माणसं आमच्याकडे बघत होती, म्हणून त्यानं आवाज चढवून मोठेपणा केला, "इतक्या दुरून आले याही, उपाशी कसे जाता? जेवूनच जा! तुमचीच कोठी आहे!" त्याला बाबांचा रिवाज पक्का ठाऊक होता. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. बाबा नाही म्हणणार, तो आणखी दोनदा आग्रह करणार, आम्ही हात जोडून निघणार, आणि चार लोकांत त्याचं नाव राहणार.

बाबांनी भिंतीतल्या त्या खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पागोटं काढून मांडीवर ठेवत पाटावर बसले आणि म्हणाले, "बरं. वाढा मंग."

मला वाटलं, माझे बाबा गेले कामातून. मी त्यांच्या कानाशी लागले, "बाबा, काऊन? इथचं पाणी नाही पेत ना तुमी?" ते म्हणाले, "बस मुकाट." मी बसले. सासऱ्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. पण चारचौघांत दिलेलं आमंत्रण परत कसं घेणार? खिडकीतून दोन ताटं आली. भात, वरण, वांग्याची भाजी, कढी, बाजूला गूळ.

बाबांनी सवयीनं पहिला घास दाबला, खळगी केली, गूळ ठेवला, ताटाच्या कडेला लावला. आणि त्यांचा हात तिथंच थांबला. ते त्या घासाकडे बघत राहिले, मग खिडकीकडे. ठरवून आले होते की तेव्हाच सुचलं, हे मी त्यांना नंतर कधी विचारलं नाही. मग त्यांनी वरणभात कालवला, तोंडात घातला आणि हळूच म्हणाले, "बाईच्या हातचं नोहोय."

बाई वरणात लसूण ठेचून घालायची, या वरणाला वासही नव्हता. म्हणजे चुलीपाशी ती नव्हती. मागच्या अंगणात विहिरीचा रहाट कुरकुरला, बादली धपकन् पाण्यात पडली, आणि माझ्या मनात नको नको ते आलं. त्या काळी सासरी त्रास झालेल्या पोरींच्या किती गोष्टी विहिरीपाशी संपायच्या! मी हातातला घास ताटातच ठेवला. बाबा मात्र ताट पुसून जेवले. बापा, किती सावकाश! सासरा गल्ल्यावरून एकटक बघत होता. ताटात काही उरलं नाही, तेवढा घास सोडून.

वाढप्या ताट उचलायला आला. तो घास कुत्र्याला टाकायला निघाला, तसे बाबा म्हणाले, "असू दे तसाच. ताट जाऊ दे आत." त्यानं ताट खिडकीत ठेवलं. एका हातानं ते आत ओढलं. बांगड्या भरलेला, गुबगुबीत हात. तो बाईचा नव्हता.

बाबांनी हात धुतले आणि परत येऊन बसले. सुपारी मागितली. "झालं ना याही?" सासरा म्हणाला. "निघा आता, रस्त्यात अंधार होईन." बाबा सुपारी कातरत राहिले. मागून भांड्यांचा आवाज चालूच. खसखस, खणखण. मी बाबांकडे पाहिलं. कातरलेली सुपारी त्यांच्या पायाशी पडत होती, तोंडात एकही तुकडा गेला नव्हता. तेव्हा मला कळलं की हा माणूसही माझ्याइतकाच घाबरलेला आहे. मला रडू आलं, पण राग जास्त आला, आणि दोन्ही मी गिळलं.

आणि भांड्यांचा आवाज थांबला.

आत काहीतरी आदळलं. सासू ओरडली, "ए, कुठं चालली? थांब!" पडदा सरकला आणि बाई दालनात आली. त्या दालनात घरच्या बायका कधी पाऊल टाकत नसत. कोपरापर्यंत राख, लुगडं ओलं, गालाची हाडं वर आलेली. मला आधी ओळखूच आली नाही ती. एक मूठ बंद. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही, सासऱ्याकडे पाहिलं नाही. पंगतीच्या मधून सरळ चालत गेली, उंबरा ओलांडला आणि चिंचेखाली जाऊन तिनं मूठ उघडली. पांढऱ्या बैलानं मान लांबवली आणि न हुंगता तो घास खाल्ला.

सासरा उठून बोंबलायला लागला. चोराच्या उलट्या बोंबा! "जातीत सांगीन म्या! लेकीच्या घरी ताट चाटलं यानं, मूल ना बाळ अन् लेकीच्या घरी जेवला! लाज आहे का?"

आता मात्र मी सुटले. "लाज तुमाले नाही! सून उष्ट्यावर बसवून रायपूरच्या चिठ्ठ्या लेहता!" पंगतीतली माणसं हात तसेच ठेवून बघत होती. बाबांनी मला मागं ओढलं, कनवटीचे पैसे काढून गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाले, "खानावळीत जेवलो. दोन ताटं. धरा." त्यांनी पागोटं बांधलं आणि बाहेर आले. मागं कुणी आलं नाही.

बाई रेंगीत बसली होती. बाबांनी बैल जुंपले, तुंबा तिच्या हातात दिला. ती घटाघटा पाणी प्याली. स्टेशन मागं पडलं, गोरेगावच्या रस्त्याला लागलो. मी तिच्या हातावरची राख पदरानं पुसत होते. रेल्वेच्या फाटकापुढं गेल्यावर तिनं विचारलं, "बाबा, तुमी खरंच जेवले का जी तिथं? माह्या घरी?"

बाबांनी मागं वळून पाहिलं नाही.

"तुह्या घरी नाही जेवलो, माय," ते म्हणाले. "ते आता तुहं घर नोहोय. म्हणून जेवलो."

तेव्हा ती रडली. घर येईपर्यंत रडली.