आत्याच्या दारातली पांढरी पेशी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मला एकच गोष्ट हवी होती. मॅडमच्या प्रयोगशाळेत प्रकल्पासाठी जागा. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात चांगला सूक्ष्मदर्शक एकच, आणि मॅडम आपल्या हाताखाली दोघांनाच घेत. एक जागा भरली होती. दुसरीसाठी त्यांनी मला सेमिनार द्यायला लावला. विषय होता, पांढऱ्या रक्तपेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात कशा.

मी फळ्यावर मन लावून आकृती काढली. वाहतं रक्त, त्यातून घरंगळत चाललेली पांढरी पेशी, आणि तिच्या अंगावर इंटिग्रिन नावाची प्रथिनं. "हे पेशीचे हात," मी म्हणाले. "ते भिंतीला पकडतात, पेशी थांबते आणि बाहेर पडून जखमेकडे जाते."

"हे हात जखम झाल्यावर उगवतात?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम, कायमच असतात."

"मग तुझ्या-माझ्या अंगातल्या पांढऱ्या पेशी आत्ता भिंतीला चिकटून का बसल्या नाहीत?"

पुस्तकात उत्तर होतं आणि मला ते पाठही होतं. "रचनेत बदल होतो," मी म्हणाले. कुठल्या रचनेत, कशाने, काही सांगता येईना. मॅडम रागावल्या नाहीत. "सोमवारी परत ये. समजलं असेल तरच बोल. नाही तर ती जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

त्याच रविवारी आत्याच्या गावची मंडई होती. सावली गावच्या शाळेत असताना मी आत्याकडे राहिले होते. तिच्या हातचा भात खाऊन मी दहावी झाले, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी पहिली ठरले. तिच्या मंडईला न जाणं शक्यच नव्हतं. पुस्तक पिशवीत टाकलं आणि एसटीत बसले.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. शिंगाडे, ऊस, बांगड्या, पाळणे हे सगळं असतंच, पण खरी गंमत गल्लीत असते. नातेवाईक, त्यांचे नातेवाईक, सोयरीक शोधणारे, सगळे गल्लीतून वाहत असतात, आणि प्रत्येक दारातून कुणीतरी त्यांना चहाला ओढत असतं.

एरवी आत्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसता राम राम करायची. यंदा ती पदर खोचून थेट गल्लीत उभी होती. कारण आतेभाऊ लग्नाचा होता आणि मुलगी मिळत नव्हती. तो मोहर्लीला वाघाच्या जंगलात सफारीची जिप्सी चालवतो.

"बसा ना व बाई, चहा तरी घ्या," म्हणत आत्या दिसेल त्या बाईचं मनगट धरायची.

"येतो ना, वापस येताना येतो," म्हणत बाई दोन पावलं अडखळायची, हात सोडवून घ्यायची आणि पुढच्या दारी जायची. तिथं दुसरी कुणी धरायची.

एकीने तर तोंडावरच विचारलं, "पोट्टा काय करते?"

"मोहर्लीले जिप्सी चालवते."

"वाघाच्या तोंडी पोट्टी देऊ काऊन मी?" ती हसत हसत निघून गेली.

मी पायरीवर चिवडा खात पुस्तक उघडून बसले होते. पेशीला आधी भिंतीवरची सिलेक्टिन नावाची प्रथिनं हलकेच धरतात आणि सोडतात, त्यामुळे ती घरंगळत हळू होते, असं त्या पानावर होतं. हे तर आत्याच करत होती! जखमेजवळची भिंतही अशीच एकाएकी हात पुढे करू लागते. पण तेवढ्याने कुणी थांबत नव्हतं.

मग एक बाई आली, बरोबर तिची मुलगी. आत्याने मनगट धरलं. बाईची मूठ मिटलेलीच होती. "येतो ना वापस येताना," म्हणत ती निघालीही होती. तेवढ्यात तिची नजर नळाकडे गेली. आतेभाऊ तिथं उकिडवा बसून पाहुण्यांच्या कपबशा विसळत होता.

"तुमचा पोट्टा कपबशा धुते?"

"धुते ना. भातबी लावते. पोळ्या वाकड्या होतात थोड्या."

बाईने मुलीकडे पाहिलं. मुलगी हसू दाबत होती. मग बाईची मूठ उघडली आणि तिने स्वतःच आत्याचा हात घट्ट धरला. "चला, बसतो."

"आत्या, थांब! हात सोडू नको!" मी चिवड्याची बशी ठेवून धावले आणि त्या दोन हातांकडे वाकून बघत राहिले.

"हे कोन व?" बाई दचकली.

"भाची हाय माझी. चंद्रपूरले शिकून राह्यली," आत्या म्हणाली. "जास्त शिकली ना, म्हणून."

मग बाईने हात सोडला, वाकून चपला काढल्या आणि घरात शिरली.

सोमवारी मी आकृती काढलीच नाही. म्हणाले, "मॅडम, हात कायम असतात, पण दुमडलेले. भिंत कितीही ओढो, त्याने पेशी फक्त हळू होते. हळू झाली की भिंतीवरचा निरोप तिला कळतो. मग तिच्या आतून हुकूम सुटतो, दुमडलेलं इंटिग्रिन ताठ उघडतं आणि घट्ट धरतं. निरोप नसेल तर पेशी पुढे निघून जाते."

"बरं. थांबली. मग भिंत ओलांडते कशी?"

हे मी पाठ केलं नव्हतं. पण मला उंबरठा आठवला.

"हात सोडून, मॅडम. धरूनच ठेवला तर चपला कशा काढणार?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "कुणाच्या चपला?" मग मी मंडई सांगितली, आत्या, जिप्सी, कपबशा, सगळं. शेवटी त्या म्हणाल्या, "चपला प्रकल्पात लिहू नकोस. बाकी बरोबर आहे. पुढची पकड बसते तशी मागची सोडावी लागते, ते नीट वाच. आणि उद्यापासून ये. आधी काचपट्ट्या धुवायच्या."

बाहेर येऊन मी आत्याला फोन लावला.

"भेटली जागा?" तिने विचारलं.

"भेटली. उद्यापासून काचा धुवायच्या आहेत."

"इथी पन बोलणी होऊन राह्यली," आत्या म्हणाली. "पोट्टीले मोहर्ली पाहाची हाय म्हणते. मंग आता तू अन् तुझा भाऊ, दोघंबी धुवत राहा."