सिस्टरांची संध्याकाळची फेरी

आमच्या समोरच्या दारातल्या सिस्टर चहाचा कप हातात द्यायच्या आधी नाव विचारायच्या. पाहुण्याला नव्हे, मला. आमची दारं समोरासमोर, एकमेकींच्या घरच्या फोडणीचे वास एकमेकींना पाठ, माझ्या दोन्ही मुलांच्या तापात रात्रंदिवस त्यांचाच आधार. तरी कप मध्येच धरून त्या विचारणार, "तुमचं नाव?" मी म्हणायची, "वहिनी." त्या मान हलवायच्या. "पूर्ण नाव." मग मी शाळेत हजेरी दिल्यासारखी म्हणायची, "सुनंदा मोरेश्वर म्हात्रे," आणि तेव्हा कुठे कप माझ्या हातात यायचा. तोवर चहावर साय धरलेली असायची.

ही खोड त्यांना मुळातली नव्हती. मुळातल्या खोडी वेगळ्या. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायचं आणि नाडी बघायची, हे एक. भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा त्यांची बोटं त्याच्या मनगटावर असायची आणि तो बिचारा भाव कमी करून मोकळा व्हायचा. बिल्डिंगमधल्या कुणालाही इंजेक्शन टोचून घ्यायचं असलं की सिस्टरांचं दार. "बाईचा हात हलका हाय," असं त्यांच्या खारबावच्या माहेरची माणसं कौतुकानं सांगायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. भिवंडीतल्या एका खासगी इस्पितळात पुरुषांचा वॉर्ड सांभाळण्यात त्यांची उमर गेली. त्यांचं पाळण्यातलं नाव बिल्डिंगमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारावं असंही कधी कुणाला वाटलं नाही.

मग त्या वॉर्डात ती गोष्ट झाली. पडघ्याच्या पलीकडच्या डोंगरपाड्यावरून बारकूबाबा नावाचे म्हातारे छातीत पाणी झालं म्हणून भरती झाले. त्यांना जी खाट मिळाली, तिच्यावर सकाळीच कुणीतरी दगावलं होतं. चादर बदललेली, गादी पुसलेली, पण शेजाऱ्यानं सांगायचं ते सांगितलंच. बारकूबाबा खाली उतरून फरशीवर बसले. सिस्टरांनी समजूत घातली तर म्हणाले, "त्या खाटंवर माणूस हाय, बाय. त्यो आजून उठला न्हाय."

शेजारच्या खाटेवर रज्जाकचाचा होते. सगळा जन्म कापडाच्या लूमवर उभं राहण्यात गेलेला, कान अर्धे गेलेले, हृदय थकलेलं. ते सिस्टरांना बिटिया म्हणायचे आणि पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून प्यायचे. पाणी पिऊन झालं की दर वेळी एकच बोल, "बस, बिटिया." ते हसले आणि म्हणाले, "अरे बाबा, तू इधर आजा, मैं उधर सो जाता हूँ. मुझे कौन पकड़ेगा?" असे दोघे म्हातारे आपापसांत खाटा बदलून झोपले आणि सिस्टरांनी ते चालू दिलं. भिवंडीच्या कुठल्याही वॉर्डात हे होतं. माणूस जिथं निवांत झोपेल तिथं झोपू द्यायचं, इतकं साधं.

पण फायली खाटांना टांगलेल्या होत्या. माणसं हलली, फायली हलल्या नाहीत. त्या दिवशी वॉर्डात सिस्टर एकट्या, खाटा भरलेल्या. त्यांनी औषधं दिली ती माणूस बघून, आणि सह्या केल्या त्या खाट बघून. ज्याचं औषध त्यालाच मिळालं, यात तसूभरही चूक झाली नाही. कागदावर मात्र एकाचं दुसऱ्याच्या नावावर चढत गेलं. दुपारी रज्जाकचाचांचं हृदय थांबलं. मुलं आली, मुलांनी सांगितलेल्या नावानं मृत्यूचे कागद झाले, चाचांना घेऊन गेले. गडबडीत त्यांची फाइल होती तिथंच लटकत राहिली. संध्याकाळच्या फेरीला सिस्टरांनी बारकूबाबांना त्यांच्या गोळ्या दिल्या आणि त्यांच्या खाटेच्या फाइलवर सही केली. ती फाइल चाचांची होती.

काही दिवसांनी चाचांचा थोरला मुलगा इरफान कसल्याशा कामासाठी फाइलची नक्कल घ्यायला आला. तिथंच काउंटरवर उभ्या उभ्या त्यानं ती वाचली. रागावला नाही, आरडाओरडा केला नाही. बोट ठेवून एवढंच विचारलं, "अब्बा तो दोपहर को गए. शाम को दवा किसने खाई?"

त्या एका प्रश्नानं चौकशी लागली. मग जुन्या फायलीही उघडल्या गेल्या, आणखी काही ठिकाणी सही एका वेळेची अन् औषध दुसऱ्या वेळेचं असंही सापडलं. सिस्टरांनी खाटा बदलल्याचं सांगितलं असतं तर थोडं निभावलं असतं. मी त्यांना हे कितीदा तरी ऐकवलं. त्या म्हणायच्या, "बारकूबाबाला कशाला मध्ये घ्यायचं? तो घाबरलेला. सही माझी हाय." नर्सिंग कौन्सिलनं त्यांची नोंदणी वर्षभरासाठी स्थगित केली. म्हणजे वर्षभर त्या कुणाच्या नर्स नव्हत्या. मला त्या कौन्सिलच्या माणसांचा संताप आला होता, आणि खरं सांगायचं तर सिस्टरांचाही आला होता.

नोंदणी गेली तसे त्यांनी हात मागे बांधले. म्हणजे अगदी खरोखर पाठीमागे. कुणी दारात औषधाची पुडी घेऊन आलं की त्या हात पाठीशी धरून उभ्या राहायच्या. माझ्या सासूबाईंना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, प्रेशरची गोळी रोज सिस्टरच काढून द्यायच्या. आता त्या म्हणाल्या, "मला देता येत नाही, वहिनी. तुम्ही काढा." आणि मी पाकिटातून गोळी काढेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पांढरे बूट मात्र सिस्टर नेमानं धुवायच्या. कुठेही न जाणारे ते बूट गॅलरीत वाळत असलेले दिसले की मला कसंतरी व्हायचं. त्याच सुमाराला नाव विचारायचं सुरू झालं. चहा, साखरेची वाटी, कढीपत्त्याची डहाळी, काहीही द्यायचं तर आधी पूर्ण नाव.

आणि त्याच सुमाराला ती खुर्ची आली. हॉलमध्ये दाराकडे पाठ करून ठेवलेली घडीची खुर्ची, शेजारी स्टूल. दिवेलागणीच्या आधी, त्यांच्या संध्याकाळच्या फेरीच्या वेळेला, सिस्टर हात धुवायच्या, स्टीलचा पेला पाण्यानं भरायच्या, खुर्चीपुढे उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "तुमचं नाव?"

पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, माझ्याशीच बोलतायत. मी दारातून नाव सांगितलंसुद्धा. त्यांनी मान वर केली नाही. हातात पेला धरून त्या थांबल्या होत्या. उत्तर येणार हे ठाऊक असलेलं माणूस थांबतं तशा. मागच्या गल्लीतले लूम खडखडत होते, भिंती बारीक थरथरत होत्या, पेल्यातलं पाणीही थरथरत होतं. मग त्यांनी पेला तसाच स्टुलावर ठेवला.

"कोण आहे तिथं?" मी विचारलं.

"चाचा."

"सिस्टर, काहीतरीच काय!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा अगदी रोजचा होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, "केलं ते लिहायचं, हे सगळे शिकवतात. मी लिहिलंय, संध्याकाळचं दिलं म्हणून. त्यांना तर मिळालं न्हाय. मग ते कुठं जाणार? आजून उठले न्हाईत ते."

मी भुताखेतांना भिणारी बाई नाही. एक सासू आणि शिवणाच्या गिऱ्हाइकांची फौज जिनं सांभाळली, तिला भुताचं काय! मी त्यांना डॉक्टरकडे नेलं, माहेरी नेलं, खूप चिडवलंही. "चाचांना एकदा माझ्याकडे पाठवा, सदऱ्याचं माप घेते," असंही म्हणून पाहिलं. त्या हसायच्या, आणि वेळ झाली की उठून पेला भरायच्या. सकाळी ते पाणी गॅलरीतल्या कढीपत्त्याला जायचं. कढीपत्ता माजला होता. पण खरं सांगते, मी त्याची पानं आमटीत घालायची बंद केली होती. आणि शुक्रवारी त्यांच्या घरी जायचं मी टाळायची. शुक्रवारी लूम बंद असतात. आम्हा भिवंडीकरांना खडखडाटाची इतकी सवय असते की तो थांबला की कुणीतरी आपल्याकडे रोखून बघतंय असं वाटतं. त्या शांततेत "तुमचं नाव?" हे दोन शब्द जिन्यापर्यंत ऐकू यायचे, आणि त्यानंतरचं थांबणंही ऐकू यायचं.

वर्ष संपलं. नोंदणी परत मिळाली. पडघ्याच्या एका दवाखान्यातून बोलावणंही आलं. मी पेढे आणले तर सिस्टर हात पाठीमागे बांधून उभ्या. "आधीची फेरी संपू दे, वहिनी." मला रडू फुटलं. जिच्या हातानं अर्ध्या गावाला बरं केलं, ती बाई आता स्वतःचा हात कुणाला लागू देत नव्हती. एकदा का दवाखान्यानं दुसरी नर्स ठेवली की या घरातून त्या कधीच बाहेर पडणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. मीच मग इरफानच्या दुकानात गेले. वडिलांच्या मागे त्यानं कापडाचं दुकान टाकलं होतं, अस्तराचं कापड मी त्याच्याकडूनच घ्यायची. त्याला म्हटलं, "बेटा, एकदा येऊन बाईंना सांग, तुझा राग नाही म्हणून." त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "खाला, मैंने उनकी नौकरी के लिए थोड़ी पूछा था. बस, पूछा था."

तो आला तो नेमका शुक्रवारी, नेमका फेरीच्या वेळेला. ईद होऊन आठवडा झाला असेल. हवा तापलेली, लूम बंद, गल्ली चिडीचूप. सिस्टरांच्या हातात पेला होता. इरफानला त्या खुर्चीचं कुणी सांगितलं नव्हतं, तो सरळ जाऊन तिच्यावर बसला. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी चहा टाकायला त्यांच्या स्वयंपाकघरात पळाले.

तिथं मला हॉलमधून सिस्टरांचा आवाज आला, "तुमचं नाव?" मग थांबणं. मग कुणीतरी सावकाश घोट घोट पाणी पितंय तो आवाज. रिकामा पेला स्टुलावर टेकला. आणि एक थकलेला, घोगरा आवाज आला, "बस, बिटिया."

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा इरफान दारात चपला घालत होता. "चाय नहीं, खाला," म्हणाला आणि गेला. पेला रिकामा होता. सिस्टर खुर्चीची घडी घालत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उठले." मग त्यांनी माझ्या हातातला ट्रे काढून घेतला आणि एक कप मला दिला. नाव विचारलं नाही. लेकराच्या तोंडून बापाचा शब्द निघाला आणि बाईची सुटका झाली, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. बापाची लकब मुलात उतरतेच की.

दुसऱ्याच आठवड्यात त्या पडघ्याला रुजू झाल्या आणि तिथंच खोली घेऊन राहिल्या. निघताना कढीपत्त्याची कुंडी माझ्या दारात ठेवून गेल्या. माझं मनगट त्यांनी बराच वेळ धरलं होतं. म्हणाल्या, "ठीक हाय. जरा धावतीय."

परवा अस्तर आणायला इरफानकडे गेले होते. त्यानं माझ्यासाठी सरबत मागवलं. मी सहज म्हटलं, "त्या दिवशी तू बाईंच्या हातचं पाणी प्यायलास ते फार बरं केलंस, बेटा. बिटिया म्हणालास, तर बाई पार बदलून गेल्या."

"पानी? खाला, ईद के बाद वाले रोज़े चल रहे थे मेरे. गला सूख रहा था, गिलास सामने था, मगर मैंने हाथ नहीं लगाया. और सिस्टर को मैं बिटिया कैसे बोलूँगा? अम्मी की उम्र की हैं." मग हलकेच म्हणाला, "बिटिया तो अब्बा बोलते थे."

मग ते पाणी कुणी प्यायलं, हा प्रश्न माझ्या ओठावर आला होता. अगदी तसाच प्रश्न त्यानं एकदा विचारला होता आणि त्यातून काय काय झालं ते मी पाहिलं होतं, म्हणून मी तो सरबताच्या घोटाबरोबर गिळून टाकला.

घरी आल्यावर मात्र राहवेना. सिस्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, घाबरतील, परत हात पाठीमागे जातील. त्या शांतपणे ऐकत होत्या. पलीकडे वॉर्डातली भांडी वाजत होती, कुणीतरी खोकत होतं.

"मला ठाऊक हाय, वहिनी," त्या म्हणाल्या. "पोरगा आपले हात मांडीवर ठेवून बसला होता. म्हणून तर मी ड्युटीवर आले."

मग "थांबा, फेरीची वेळ झाली," म्हणून त्यांनी फोन तसाच बाजूला ठेवला. पावलं लांब गेली. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि त्यांनी कुणाला तरी विचारलं, "बाबा, तुमचं नाव?" मी फोन कानाला घट्ट लावून धरला. पलीकडून कुणीतरी खोकत खोकत आपलं पूर्ण नाव सांगितलं, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.