नलूताईंचा फासा

आमसुलं उन्हात पसरत होते, तेवढ्यात मनीषाचा फोन आला. "बाई, आमच्या आई गेल्या हो..." आई म्हणजे तिच्या सासूबाई, नलूताई. त्याला आता तीन आठवडे झाले.

रत्नागिरीतल्या सोनाराच्या घरात नलूताई सून म्हणून आल्या आणि सासऱ्यांच्या शेजारी बसून काम शिकल्या. साखळीची दोन टोकं जोडणारा फासा, त्यावर त्यांचा विशेष जीव. माझी त्यांची ओळख झाली तीही त्यामुळेच. अर्धांगवायूने माझा डावा हात गेला होता. शाळेत पुन्हा शिकवायला जायला लागले, पण आईने दिलेली साखळी गळ्यात घालायला रोज कुणाची तरी मनधरणी करावी लागे. शेवटी कंटाळून ती मोडायला मी त्यांच्या दुकानात गेले.

"का मोडताय?"

"एका हाताने लागत नाही."

"मग वाईट फासा आहे हो, साखळी कशाला मोडायची?"

त्यानंतर आठ दिवस त्या स्वतःचा डावा हात पदराने कमरेशी बांधून साखळी लावून बघत होत्या, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पहिला फासा लांज्याच्या एसटी स्टँडवर आपोआप सुटला. साखळी पदरात अडकली म्हणून वाचली. मी तशीच दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर बोलले, "नकोत मला तुमचे प्रयोग!" त्यांनी शांतपणे विचारलं, "सुटला तेव्हा मान कुठल्या बाजूला वळवली होतीत?"

दुसरा फासा पसरट होता. पुढच्या बाजूला, नजरेसमोर लावायचा, त्याची जीभ खाचेत बसून टक् वाजली की मागे फिरवायचा. दुसऱ्या दिवशी कुणालाही हाक न मारता मी साखळी घालून वर्गात गेले. त्या दिवशी फळ्यावर काय लिहिलं ते आठवत नाही, पण मान ताठ होती... मग मासे विकणाऱ्या बायका, बाळंतिणी, सांधे धरलेल्या आज्या, जिच्या तिच्या हाताप्रमाणे त्या फासे करत राहिल्या.

परवा भेटायला गेले, तेव्हा मनीषाने त्यांच्या खणातली एक पुडी माझ्या हातात ठेवली. आत पितळी फासा. पुडीवर नलूताईंचं अक्षर : "बाई. उजवा हात कापतो. जीभ मोठी ठेवणे."

हात कापतो हे मी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटचा चहा त्यांच्याकडे घेतला, तेव्हा कप बशीत वाजला असेल, एवढंच.

मनीषा म्हणाली, "सोन्यात करून देते." मी म्हटलं, "नको गो. त्यांच्या हातचा आहे, असाच राहू दे."